शेवळे, अळू आणि घशाची खाज

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की ठाणे, पालघर, रायगड भागांतील बाजारांत शेवळांच्या जुड्या दिसू लागतात. विकणारी बाई जुडीबरोबर हिरव्या काकडांचा वाटाही देते. परसातले अळूही याच सुमारास जोम धरते. या भाज्या चवीला उत्तम. पण करण्यात घाई झाली, तर घरातल्या सर्वांचे घसे खाजतात.

खाज का सुटते?

शेवळे, अळू आणि सुरण ही एकाच कुळातली. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात. ते जिभेत व घशात टोचतात आणि आग होते. हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून नुसते धुऊन भागत नाही.

जुन्या बायका हाताला तेल किंवा चिंचेचे पाणी लावून भाजी निवडत. शेवळाची वरची पाने सोलून आतला पिवळा दाणेदार भाग टाकून देत. मग चिरलेली भाजी तेलावर चांगली परतून, काकडांचा किंवा चिंचेचा आंबटपणा घालून भरपूर शिजवत. आंबटामुळे खाज कमी होते हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. मात्र चिंच घातली म्हणून भाजी अर्धी कच्ची उतरवू नये. अळूची पाने उकडून ते पाणी फेकून दिल्यास विरघळणारे ऑक्झलेटही कमी होते.

मुतखडा असणाऱ्यांनी

बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. ज्यांना पूर्वी खडा झाला आहे किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी या भाज्या डॉक्टरांना विचारूनच खाव्यात. ताकातले अळू ही आपली जुनी रीत येथे उपयोगी पडते. ताकातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते, त्यामुळे ते रक्तात कमी शोषले जाते. अळूच्या पानांचा कच्चा रस मात्र कोणीही पिऊ नये.

त्रास झाल्यास

चूळ भरून तोंड स्वच्छ करावे आणि थंड दूध किंवा ताक घोट घोट प्यावे. उलटी करवू नये. जीभ किंवा ओठ सुजले, लाळ गळू लागली, गिळता येईना किंवा श्वास अडकू लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तडक रुग्णालय गाठावे.

लहान मुले असलेल्या घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवलेले, पांढरट ठिपक्यांच्या मोठ्या पानांचे डिफेनबेकियाचे झाडही याच कुळातले आहे. रांगत्या मुलाने त्याचे पान चावले, तर तोंड सुजते. अशी कुंडी मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी.

रानातली भाजी ओळखीच्या माणसाकडूनच घ्यावी. ती कशी निवडायची आणि किती शिजवायची, हेही विकणारीलाच विचारावे. तिच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाला क्वचितच असते.