एकाच नावाचे चार रोग



१८९५ सालची गोष्ट. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना शिवणकाम करणारी एक बाई म्हणाली की, आमच्या घराण्यात माणसे जातात ती पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने. मीही तशीच जाणार. तेव्हा ती धडधाकट होती. वॉर्थिन यांनी त्या घराण्याची वंशावळ जुळवून १९१३ साली प्रसिद्ध केली. पुढे ती बाई खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने अकाली गेली. तिची भीती खरी का ठरली, याचे उत्तर देणारी जनुके १९९३ पासून सापडू लागली. आज त्याच जनुकांकडे पाहून डॉक्टर दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर शोधतात : या स्त्रीला रसायनोपचार द्यावा की नाही?

गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झाला, की बहुधा प्रथम शस्त्रक्रिया होते. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि पुढचे उपचार ठरतात. पण अडचण अशी, की सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींपैकी एक पुन्हा डोके वर काढी, दुसरी काढीत नसे. २०१३ साली अमेरिकन संशोधकांनी ३७३ गाठींची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा उलगडा झाला. एका नावाखाली चार निरनिराळे रोग नांदत होते.

हे समजण्यासाठी छापखाना डोळ्यांपुढे आणा. पेशी दुभंगताना आपल्या जनुकांचा सबंध ग्रंथ नव्याने जुळवते. जुळारी स्वतःच्या चुका जागच्या जागी दुरुस्त करतो. राहिलेल्या चुका मुद्रितशोधक काढतो. आणि फारच बिघाड झाला तर यंत्र बंद करणारा एक मुकादम असतो.

पहिल्या गटात जुळाऱ्याची नजरच जाते. ‘पोल-ई’ हे जनुक बिघडते आणि चुकांचा पाऊस पडतो. गाठ दिसायला भयंकर. पण चुका इतक्या, की शरीराची संरक्षक यंत्रणा त्या पेशींना परक्या म्हणून चटकन ओळखते, असे मानतात. म्हणून हा रोग सहसा परतत नाही. दुसऱ्या गटात मुद्रितशोधक गैरहजर असतो. तिसऱ्यात ‘पी-५३’ नावाचा मुकादम निकामी होतो, गुणसूत्रांची मोडतोड होते. हा गट सर्वांत घातक. चौथ्या गटात या तिन्हींपैकी कोणतीच खूण नसते.

याचा उपचाराशी संबंध काय? हॉलंडच्या पुढाकाराने झालेल्या ‘पोर्टेक-३’ या अभ्यासात अधिक धोक्याच्या ६६० स्त्रिया होत्या. चिठ्ठ्या टाकाव्या तशी वाटणी करून काहींना नुसते किरणोपचार दिले, काहींना त्यांच्या जोडीला रसायनोपचारही. त्यांपैकी ४१० जणींच्या गाठींची छाननी २०२० साली प्रसिद्ध झाली. पाच वर्षे रोग न परतता जगलेल्या स्त्रिया शंभरात किती, ते पाहा. पी-५३ गटात नुसत्या किरणांनी ३६, रसायने जोडल्यावर ५९. पोल-ई गटात ९७ आणि १००. म्हणजे सुधारायला जागाच नव्हती. मुद्रितशोधक नसलेल्या गटात ७६ आणि ६८. रसायनांचा लाभ दिसला नाही. चौथ्या गटात ६८ आणि ८०. पण हा फरक निःसंशय म्हणावा इतका भक्कम नव्हता.

रसायनोपचार म्हणजे केस जाणे, हातापायांना मुंग्या येणे, रक्तातील पांढऱ्या पेशी घटून जंतुसंसर्गाचे भय. हे सोसायचे ते लाभ असेल तरच. एकच तपासणी एकीला हा ताप वाचवते, तर दुसरीला बजावते की, बाई, टाळाटाळ करू नका. २०२३ साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने रोगाच्या पायऱ्या ठरवतानाही या खुणा जमेस धरल्या. अर्थात रोग किती पसरला आहे, याचा विचार सुटत नाही. खुणेवरून एकट्याने निर्णय होत नसतो.

दुसऱ्या गटाचे आणखी दोन विशेष आहेत. रोग पसरलेला किंवा परतलेला असेल, तर प्रतिकारशक्तीला मोकळीक देणारी औषधे रसायनांच्या जोडीला या गटात फार उपयोगी पडतात, असे २०२३ सालच्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसले. दुसरे असे की, यांतील बहुतेक गाठी आनुवंशिक नसल्या तरी काही असतात. मग तपासणी त्या स्त्रीपुरती राहत नाही. तिच्या बहिणींना व मुलांनाही सावध करता येते. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला हे मिळाले नव्हते.

या तपासणीसाठी बहुधा नवी शस्त्रक्रिया लागत नाही. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो, तोच पुरतो. पी-५३ आणि मुद्रितशोधक यांची परीक्षा विशेष रंग देऊन होते. पोल-ईसाठी जनुकाचे वाचन करावे लागते आणि ते महाग पडते. म्हणून डॉक्टरांना विचारावे : माझी गाठ कोणत्या गटातली? उत्तराने उपचार बदलेल काय?

आणि या सर्वांच्या आधीची गोष्ट. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, थेंबभर का होईना, तर संकोच न करता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. गाठ लवकर सापडली, तर पुष्कळदा शस्त्रक्रियेवरच भागते.