कोबाल्टचं आयुष्य आणि विभागाची स्मृती

किरणोत्सारापासून बचावाचे तीन नियम प्रयोगशाळेत आपण पाठ करतो : वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये शिशाचा अडसर. छोट्या स्रोतापासून अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाईवर येते. हे सगळं खरं. पण त्यात एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. समोर स्रोत आहे, हे आपल्याला ठाऊक असतं.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेला गॅमा सेल होता. १९८५ पासून तो वापरात नव्हता. २०१० च्या फेब्रुवारीत तो भंगार म्हणून लिलावात गेला आणि मायापुरीच्या भंगार बाजारात फोडला गेला. कित्येक जण आजारी पडले, एकाचा जीव गेला. त्यांना वेळ, अंतर, अडसर कोण सांगणार होतं?

कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षं. म्हणजे त्या पंचवीस वर्षांत तो पाच वेळाही निम्मा झाला नव्हता. विभागाची स्मृती मात्र तेवढ्यात शून्यावर आली.

आपण प्राध्यापक निवृत्त होताना पुस्तकं वाटतो, किल्ल्या परत करतो. कोपऱ्यातल्या यंत्रात काय आहे, हे लिहून देतो का? स्रोतांची नोंदवही, ठरलेल्या काळानं प्रत्यक्ष तपासणी, काम संपल्यावर अधिकृत विल्हेवाट, ही कारकुनी वाटते खरी. पण ज्याला आपण कधी भेटणारही नाही, त्या माणसाविषयीचं आपलं कर्तव्य त्या नोंदवहीतच असतं.