नेरळच्या आत संपणारं पत्र

ई-मेलने दर आठवड्याला जाणारं न्यूजलेटर किती लांब असावं, याचं उत्तर आम्हाला रेल्वेने दिलं. सकाळच्या लोकलला कर्जतला बसायला जागा मिळते. भिवपुरी रोड जातं, नेरळ येतं; अंतर १४ किलोमीटर. नेरळला गर्दी चढते आणि बदलापूरनंतर मोबाइल डोळ्यांसमोर धरायलाही हात मोकळा राहत नाही. म्हणजे जे काय वाचून व्हायचं, ते नेरळच्या आत. खोपोलीकरांना लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी एवढा प्रवास जास्तीचा मिळतो, पण तो बहुतेकांचा झोपेत जातो. त्यामुळे पत्र शुक्रवारी, पहाटेच्या गाड्या सुटायच्या आत निघतं.

कर्जत आणि खालापूर या दोनच तालुक्यांबद्दल लिहायचं, हे लगेच ठरलं. कोणासाठी लिहायचं, यावर मात्र बरीच वादावादी झाली. शनिवार-रविवारी येणाऱ्यांना धबधबे हवेत, फार्महाऊसवाल्यांना रस्ते. त्यांना सांगणारे रगड आहेत. ज्यांचं घर इथं आणि पोट डोंबिवलीत, पुण्यात किंवा दुबईत, त्यांना लावणी कुठवर आली, कर्जत-३ चं बियाणं मिळतंय का, उल्हास पुलाला लागली का, हे नीट कळवणारं कुणी नाही. धबधबे वगळल्यावर काही वाचक गळाले. गळू दिले.

व्हॉट्सॲपशी शर्यत लावण्यातही अर्थ नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा सकाळपर्यंत सगळ्या देशाला कळलं होतं. आठवड्याच्या पत्राने त्यात काय भर घालायची? आमचं काम कॅमेरे परत गेल्यावर सुरू होतं. चौकजवळची कंटेनरमधली घरं, मग पक्क्या घरांचं पुनर्वसन, हा विषय पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. दूर राहणारा वाचक महिन्यांनी विचारतो, "पुढे काय झालं?" त्याला उत्तर द्यायचं असेल तर आपण विषय सोडलेला नसावा लागतो.

लिहिण्याइतकाच वेळ पाठवण्याच्या खटाटोपात जातो. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचं पत्र कापून टाकतं आणि यात मराठीला जरा जास्त कात्री लागते. ‘कर्जत’ लिहिलं की संगणक पाच चिन्हं मोजतो, प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे पंधरा. रोमन लिपीत तेच सहात भागतं. तरी खरं ओझं मजकुराचं नसतंच. रंगीत चौकटी, आणि वर्डमधून तसाच उचलून चिकटवलेला मजकूर, हे जागा खातात. म्हणून साचा साधा ठेवला, फोटो एकच. पत्र कापलं गेलं तर तळाशी असलेली ‘नाव काढा’ची लिंक दिसत नाही. कंटाळलेला माणूस मग शोधाशोध करत बसत नाही, सरळ ‘स्पॅम’वर बोट ठेवतो. २०२४ पासून गूगलने तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत ठेवा म्हणून सांगितलंय, म्हणजे हजारात तिघांनी बोट ठेवलं तरी कठीण. त्यामुळे ती लिंक आम्ही वरच घेतली, नावाच्या खाली. जाणाऱ्याला दार लगेच सापडावं.

किती जणांनी पत्र उघडलं, हा आकडा मी पाहत नाही. २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप, वाचक ठरावीक सेटिंग ठेवत असेल तर, पत्रातली चित्रं स्वतःच आधी उतरवून ठेवतं आणि न वाचलेलं पत्रही उघडलेलं दिसतं. त्यापेक्षा उत्तरं मोजावीत. सगळ्यात जास्त उत्तरं आली ती खोपोली गाडीच्या बदललेल्या वेळांवर. त्याखालोखाल पावट्याच्या भावावर. मोठ्या कष्टाने लिहिलेल्या कोंडाणे लेण्यांवर एकही नाही.

पैशांचं म्हणाल, तर घरगुती खानावळी आणि रोपवाटिका यांच्या छोट्या जाहिरातींवर खर्च निघतो. इथं खरा पैसा प्लॉटच्या जाहिरातींत आहे. एका एजंटने वर्षभराची रक्कम एकदम देऊ केली. म्हटलं, आधी सातबारा पाठवा, तलाठ्याकडून पडताळून घेतो आणि मग छापतो. पुढच्या शुक्रवारी त्याने वरच्या लिंकवरून आपलं नाव काढलं.