घमेले, पोहरा आणि 'कार्य'

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी शास्त्रविषयावर चार शब्द लिहावेत असा संपादक मंडळींचा आग्रह झाला. रविवारी सकाळी संस्थेच्या ओसरीवर मुलांना घेऊन मी जे लहानसहान प्रयोग करतो, त्यांचीच हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

या उद्योगाची सुरुवात माझ्या एका चुकीतून झाली. नववीच्या वर्गात मी 'कार्य' शिकवीत होतो. बल आणि बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार म्हणजे कार्य. सबब डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने चालणाऱ्याचे कार्य शून्य. एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, माझी आई बांधकामावर दिवसभर घमेली वाहते. मग ती काहीच करीत नाही का?" वर्ग हसला. मी फळ्यावर पुन्हा शून्य लिहिले आणि पुढे गेलो. त्यानंतर पुष्कळ दिवस त्या मुलीने हात वर केला नाही.

शून्य बरोबरच होते, पण कशावरचे शून्य हे मी सांगितले नव्हते. घमेल्याला हात वर उचलून धरतात आणि घमेले पुढे जाते. दोन्ही दिशा काटकोनात, म्हणून घमेल्यावर झालेले कार्य शून्य. आईच्या अंगाचे काय, हा प्रश्न निराळा. घरात आपण बल, शक्ती, ऊर्जा या सगळ्यांना 'ताकद' म्हणतो, आणि शाळेत येताच त्यांची फारकत करावी अशी मुलांकडून अपेक्षा धरतो!

पुढच्या रविवारी भिंतीतल्या खुंटीला एक वीट टांगली आणि तेवढीच वीट प्रत्येक मुलाला आळीपाळीने हात लांब करून धरायला लावली. विटा दोन्ही स्थिर, म्हणजे दोन्हींवर कार्य शून्य. थोड्याच वेळात हात थरथरू लागले, घाम आला. खुंटी मात्र ढिम्म! तिला अन्न लागत नाही. आपल्या स्नायूंतले तंतू मात्र ताण धरून ठेवण्यासाठी सतत आकुंचन पावतात, सैल पडतात. त्यात अन्नातली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. मुलांना हे सांगावे लागले नाही, त्यांचे दंडच बोलत होते.

मग ताणकाटा आणला. दोन किलोची खेळगाडी सरळ अर्धा मीटर उचलली, तर काट्यावर सुमारे 20 न्यूटन, म्हणजे कार्य 10 ज्यूल. तीच गाडी दोन मीटर लांबीच्या उतरत्या फळीवरून तेवढ्याच उंचीवर ओढली, तर काटा 6 न्यूटनच्या आसपास. "सोपे झाले!" असे मुले ओरडली. गुणाकार केला तो 12 आला. बल कमी लागले, पण अंतर वाढले. वरचे दोन ज्यूल घर्षणाने खाल्ले. हमाल ट्रकला फळी का लावतात हे तेव्हा कळले, आणि फळीने कार्य वाचत नाही हेही.

लहानपणी मी अम्मीबरोबर विहिरीवर पाणी शेंदायला जात असे. दहा लिटर पाण्याचा पोहरा 12 मीटर वर ओढायचा, म्हणजे नुसत्या पाण्यावर 1176 ज्यूल. गंमत अशी की, 40 किलोचा मुलगा 15 सेंटिमीटरच्या 20 पायऱ्या चढला तरी हिशेब 1176 च येतो. तो आठ सेकंदांत चढला तर त्याची शक्ती 147 वॅट, धावत चार सेकंदांत चढला तर 294. कार्य तेवढेच, शक्ती दुप्पट. जिन्यावरच्या या शर्यतीत ओसरीवर जो गोंधळ होतो, त्याबद्दल आजूबाजूच्या मंडळींची क्षमा मागतो.

त्या मुलीने एके दिवशी आपण होऊन वही पुढे केली. आईचे वजन 45 किलो, घमेले 20 किलोचे, परातीपर्यंतचा चढ तीन मीटर, दिवसाच्या शंभर खेपा. घमेल्यांवरचे कार्य 58,800 ज्यूल. आईला स्वतःलाही वर न्यावे लागते, ते धरून 1,91,100. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा फार तर चौथा-पाचवा हिस्सा कार्यात उतरवतात. म्हणून नुसत्या चढण्यासाठी दोनशेच्या आसपास किलोकॅलरी, म्हणजे दोन-अडीच पोळ्या. सपाटीवरचे चालणे, वाकणे, उन्हात उभे राहणे यात धरलेले नाही. या खेपेला कोणी हसले नाही. एका मुलाने मात्र आकडे पुन्हा तपासून पाहिले, ते मला फार आवडले.

वही मिटता मिटता तिने विचारले, "सर, आई उतरतानाही दमते. तिथे तर वजन आपसूक खाली येते ना?" ते कोसळू नये म्हणून मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच ते अडवून धरतात, आणि त्यालाही अन्न लागते, चढण्यापेक्षा कमी, एवढेच. हे मी तोंडी सांगितले खरे, पण ते दाखवायचे कसे? वीट सावकाश खाली उतरवण्याचा प्रयोग येत्या रविवारी करायचा ठरला आहे. विटा मुलेच आणणार आहेत.