पऱ्हाटी तहान कशी सोसते?

पावसाने खंड दिला की विदर्भातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, दुपारी मान टाकते आणि सकाळी पुन्हा टवटवीत दिसते. यामागे जनुकांची केवढी धावपळ असते, बघा! 👇

🌱 माती सुकू लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं. त्याचा निरोप मिळताच पानावरच्या सूक्ष्म रंध्रांच्या दोन रक्षक पेशींमधून क्षार आणि पाणी बाहेर पडतं. पेशी सैल होतात, रंध्र मिटतं, पाणी वाचतं.

🧬 त्याच वेळी 'ड्रेब' प्रथिनं कामाला लागतात. ती मुकादमासारखी असतात. इतर अनेक जनुकांना जागं करून पेशींचं रक्षण करणारी प्रथिनं बनवून घेतात.

⚖️ पण रंध्र मिटलं की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. अन्न कमी बनतं, पात्या-बोंडं गळतात. म्हणून एकच 'दुष्काळाचं जनुक' शोधून भागत नाही. मुळांची खोली, पानांची ठेवण, पक्व होण्याचा काळ, प्रत्येकामागे अनेक जनुकं असतात.

📍 कापसाच्या अशा अभ्यासासाठी आपल्या नागपुरात १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. आपल्या देशी कापसात गुणसूत्रं २६, अमेरिकन कापसात ५२. गुणसूत्रं निम्मी असली, तरी देशी कापूस खोल मुळांमुळे कोरड्यात जास्त तग धरतो.

देशी कापूस हा शतकानुशतकांचा जनुकठेवा आहे. कोरडवाहू शेती असेल, तर बियाणं घेताना देशी वाणांचीही चौकशी नक्की करा! 🙏