बागायतदाराचें संकेतस्थळ आणि शेजाऱ्यांची साक्ष

पालघर तालुक्याच्या किनारपट्टींत आपल्या मालाचें अथवा कृषिपर्यटनाचें संकेतस्थळ उघडण्याचा प्रघात अलीकडे पडत चालला आहे. मुंबईचें गिऱ्हाईक बोईसरला उतरण्यापूर्वीं फोनवर शोध घेतें, हें पाहतां हा प्रघात योग्यच होय. परंतु पुष्कळांची तक्रार अशी कीं, पैसा खर्च झाला, छायाचित्रें चढलीं, तरी शोधणारास तें स्थळ सांपडतच नाहीं. याचें एक मोठें कारण असें कीं, त्या स्थळाकडे बाहेरून येणारी वाटच नसते. ह्या वाटेस दुवा किंवा बॅकलिंक म्हणतात. ती कशी मिळवावी व कशी मिळवूं नये, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

दुवा म्हणजे काय ?— दुसऱ्याच्या संकेतस्थळावरील मजकुरांत आपल्या पानाचा पत्ता अशा रीतीनें दिलेला असतो कीं, त्यावर बोट ठेवतांच वाचक आपल्याकडे येतो. त्याचें महत्त्व शोधयंत्रांत कसें आलें तें पाहण्याजोगें आहे. १९९६ च्या सुमारास अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत लॅरी पेज व सर्गेई ब्रिन ह्या दोघां विद्यार्थ्यांनीं असा विचार केला कीं, ज्या ग्रंथाचा आधार इतर विद्वान् वारंवार घेतात तो ग्रंथ वजनदार ठरतो. तोच न्याय संकेतस्थळांस कां लावूं नये? ह्यांतूनच १९९८ सालीं गूगल ही कंपनी निघाली. दुव्यांची नुसती संख्या न मोजतां दुवा देणाराची स्वतःची पतही पाहावयाची, हें ह्या रीतीचें मर्म होय.

पाटाचें पाणी चाऱ्यांत वांटलें जातें, तसें पानाचें वजन त्यांतून निघणाऱ्या दुव्यांत वांटलें जातें. ज्या पानांतून पांचशें दुवे काढले आहेत, त्यांतील एकाच्या वाट्यास थेंबच येणार. आणि ज्या पानास मुळांत पाणीच नाहीं, तें दुसऱ्यास काय देणार? आज शोधयंत्र मजकुराचा उपयोग, शोधणाराचें ठिकाण इत्यादि इतर पुष्कळ गोष्टी पाहतें. तरी दुव्यांचा विचार त्यानें सोडलेला नाहीं.

नवापूरकरांची विशेष अडचण.— समजा, नवापूर येथील एका बागायतदारानें चिकूच्या बागेचें स्थळ उघडलें. नुसतें ‘नवापूर’ म्हटलें असतां नंदुरबार जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव, ज्याच्या रेल्वेस्टेशनांतून महाराष्ट्र व गुजरात यांची हद्द जाते, तें आधीं पुढें येण्याचा संभव फार. आणि किनाऱ्यावरील आपल्या नवापूरचें नांव वर्तमानपत्रांत आलें आहे तें बहुधा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचें सांडपाणी समुद्रांत सोडण्याच्या तंट्यापायीं. म्हणजे एकीकडे नांवाचा घोंटाळा, व दुसरीकडे गांवाविषयीं एकाच तऱ्हेची माहिती. आपल्या पानावर आपण कितीही सांगितलें, तरी तें वादीचें म्हणणें झालें, साक्षीदार पाहिजेत. पालघर, बोईसर, डहाणू येथील स्थळांवरून जेव्हां आपल्या बागेकडे दुवे येतात, तेव्हां ही बाग कोणत्या नवापुरांत आहे व तेथें काय पिकतें, हें यंत्रास व माणसासही कळतें.

चांगला दुवा कसा मिळतो ?— आधीं दुवा देण्याजोगें कांहीं आपल्या पानावर असावें. ‘उत्तम चिकू मिळतील’ एवढ्यावर कोणी दुवा देत नाहीं. पण फळाची साल नखानें किंचित् खरवडली असतां आंत हिरवा रंग दिसल्यास फळ कोंवळें व पिवळसर दिसल्यास काढणीस योग्य, ही माहिती छायाचित्रांसह दिली; कालीपत्ती चिकू घरीं कसा पिकवावा हें सांगितलें; आपल्या बागेंतील तोडीचे महिने व पावसाची नोंद दरवर्षीं ठेवली, तर शाळामास्तर, पाककृति लिहिणारी गृहिणी व वर्तमानपत्राचा बातमीदार आपण होऊन तिकडे बोट दाखवितात.

मग ज्यांचा आपला खरा संबंध आहे त्यांस विनंति करावी. आपण ज्या सहकारी संस्थेचे सभासद आहों ती संस्था, ज्या शाळेची सहल बागेंत आली ती शाळा, आपला माल घेणारा दुकानदार, कृषिपर्यटन केंद्रांच्या याद्या. तसेंच कोसबाड येथील कृषि विज्ञान केंद्रानें आपल्या शेतावर प्रयोग घेतला असल्यास त्याचें वृत्त. डहाणू-घोलवड चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें व २०२१ सालीं तो इंग्लंडला रवाना झाला, तेव्हां ह्या फळाविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत. मात्र ज्याची बाग मानांकनाच्या क्षेत्रांत असून ज्यानें रीतसर नोंद केली आहे, त्यानेंच तें नांव लावावें. दुव्याचे शब्दही साधे असावे. ‘येथें दाबा’ यापेक्षां ‘नवापूर, ता. पालघर येथील चिकूची बाग’ हे शब्द बरे. पण तेच शब्द प्रत्येक ठिकाणीं घोकून घेतल्यासारखे आले तर संशय येतो.

विकतची साक्ष.— ‘महिन्यांत हजार दुवे’ अशी जाहिरात करणारे दलाल हल्लीं पुष्कळ झाले आहेत. त्यांपासून आमच्या वाचकांनीं दूर राहावें. एप्रिल २०१२ मध्यें गूगलनें ‘पेंग्विन’ नांवाची सुधारणा केली, तेव्हां असल्या बनावट दुव्यांवर वर चढलेलीं अनेक स्थळें खालीं आलीं. पैसे देऊन घेतलेला दुवा जाहिरात म्हणून चालतो, परंतु त्यावर तशी खूण करावी लागते. २०१९ पासून त्यासाठीं ‘स्पॉन्सर्ड’ ही निराळी खूणच ठरली आहे. ‘तूं मला दे, मी तुला देतों’ अशी सरसकट अदलाबदलही नियमाविरुद्धच. कसोटी सोपी आहे: शोधयंत्र जगांत नसतें, तरी हा दुवा वाचकाच्या उपयोगी पडला असता काय? उत्तर होय असेल तर दुवा घ्यावा.

निगा.— बागेचें नांव, पत्ता व फोन सर्वत्र एकसारखे लिहावे, व पत्त्यांत तालुका-जिल्हा कधींही गाळूं नये. पानाचा पत्ता वारंवार बदलूं नये. बदलणें भागच पडल्यास जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाट काढून द्यावी, नाहींतर मिळालेले दुवे वाळून जातात. संकेतस्थळाच्या नांवाचें वार्षिक शुल्क मुदतींत भरावें. आपल्याकडे कोणाचे दुवे आले आहेत, हें गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ ह्या साधनांत फुकट पाहतां येतें. तें तीन महिन्यांतून एकदां तरी पाहावें.

फळ महिन्यांनीं दिसेल, आठवड्यांनीं नव्हे. परंतु ज्यानें चिकूचें कलम लावून पहिल्या तोडीची वर्षें मोजलीं आहेत, त्यास धीर धरण्याचा उपदेश करण्याचें कारण नाहीं. ह्या महिन्यांत प्रत्येकानें एवढेंच करावें: आपणांस खरोखर ओळखणाऱ्या पांच संस्थांची यादी करावी, आणि त्यांच्या वाचकांस उपयोगी पडेल असें एक पान आधीं लिहून मग त्यांच्याकडे जावें.