मेमरी कुठे मुरते? : मेल सर्व्हरच्या मर्यादा (लेखांक ६)

मेल सर्व्हर ‘बंद पडला’ असे ऑफिसात म्हटले जाते, तेव्हा बहुधा तो चालूच असतो. त्याची एखादी मर्यादा भरलेली असते. मेल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स, मेलबॉक्स दाखवणारा डव्हकॉट, व्हायरस तपासणारा क्लॅमएव्ही आणि स्पॅम हुडकणारा स्पॅमअसॅसिन असे चौघे एकाच मशीनवर नांदतात. प्रत्येकाच्या मर्यादा वेगळ्या, आणि सगळ्यांच्या खाली लिनक्सची मर्यादा असते. यातली नेमकी कोणती भरली हे कळण्याआधी आकडे वाढवत सुटले, तर दुखणे एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते, एवढेच.

सुरुवात मेमरीपासून करावी. ‘फ्री’ कमांड दिली की मोकळ्या मेमरीचा आकडा अगदी थोडा दिसतो आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. लिनक्स रिकामी मेमरी पडून ठेवत नाही. डिस्कवरून वाचलेल्या फायली तिच्यात ठेवतो आणि गरज पडताच ती जागा सोडतो. म्हणून ‘फ्री’चा रकाना सोडून ‘अव्हेलेबल’चा रकाना वाचावा. तो आकडा सतत शून्याकडे जात असेल आणि ‘व्हीएमस्टॅट’मध्ये स्वॅपची ये-जा थांबत नसेल, तर मेमरी खरोखरच कमी पडते आहे.

मेमरी पुरती संपली की लिनक्सचा ‘ओओएम किलर’ जागा होतो आणि एखादी प्रोसेस मारून टाकतो. कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी : किल्ड प्रोसेस’ अशी ओळ पडते आणि पुढे प्रोसेसचे नाव असते. ही ओळ वाचताना सावध राहायला हवे. जी प्रोसेस मारली गेली तिनेच मेमरी खाल्ली असे नसते. किलर साधारणपणे सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसवर घाव घालतो, आणि मेल सर्व्हरवर ती बहुतेक वेळा क्लॅमएव्ही असते.

४ जीबीच्या सर्व्हरचा हिशेब मांडून पाहिला म्हणजे हे उलगडते. क्लॅमएव्हीच्या व्हायरस-खुणांचा संचच मेमरीत १ जीबीहून जास्त जागा घेतो. स्पॅमअसॅसिनच्या ५ प्रोसेस, प्रत्येकी शंभरेक एमबी धरली तर अर्धा जीबी. डव्हकॉटची २०० कनेक्शन, प्रत्येकी ५ एमबी धरली तर १ जीबी. इथवर भागते. पण क्लॅमएव्ही नव्या खुणा उतरवून घेतो, तेव्हा जुना संच सोडण्याआधी नवा भरतो, म्हणजे काही काळ त्याची गरज दुप्पट होते. एरवी निमूट चालणारा सर्व्हर नेमका त्या मिनिटाला कोसळतो आणि नंतर पाहायला गेले तर सगळे ठीक दिसते. ‘अधूनमधून बंद पडतो’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असते. २०२० साली आलेल्या ०.१०३ आवृत्तीपासून क्लॅमएव्हीत ‘कॉन्करंट डेटाबेस रीलोड’ ही सेटिंग आहे. ती बंद केली की दुप्पट मेमरी लागत नाही. मात्र नव्या खुणा भरून होईपर्यंत तपासणी थांबते. ही किंमत परवडणारी आहे.

पोस्टफिक्स स्वतः क्वचितच मेमरी खातो. वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये तो लिहिला आणि १९९८ मध्ये खुला केला, तेव्हाच काम लहान-लहान प्रोसेसमध्ये वाटून टाकले. एका सेवेच्या अशा जास्तीत जास्त १०० प्रोसेस चालतात. ती हद्द गाठली की लॉगमध्ये तसा इशारा येतो आणि नव्या कनेक्शनना थांबावे लागते. साखर कारखान्याच्या यार्डात गाड्यांची रांग लागली म्हणून गव्हाणीत क्षमतेपेक्षा जास्त ऊस टाकला, तर मिलच चोक होते. १०० चे ३०० करणे तसेच आहे, कारण आलेला प्रत्येक मेल पुढे क्लॅमएव्ही आणि स्पॅमअसॅसिनच्या दारात उभा राहणार असतो. रांगेत थांबलेला मेल हरवत नाही. समोरचा सर्व्हरही पोस्टफिक्स असेल, तर तो मूळ सेटिंगप्रमाणे ५ दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो.

डव्हकॉटच्या दोन मर्यादा वारंवार आडव्या येतात. पहिली एका प्रोसेसच्या मेमरीची : २.३ आवृत्तीत ती मुळात २५६ एमबी असते. एकाच खात्यात वर्षानुवर्षांचे मेल साठले की त्या खात्यापुरती प्रोसेस ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून पडते, सर्व्हरवर मेमरी मुबलक असली तरी. लॉगमध्येच कोणती मर्यादा वाढवायची ते लिहून येते, तेवढीच वाढवावी. दुसरी मर्यादा एका खात्याला एका आयपी पत्त्यावरून मिळणाऱ्या कनेक्शनची, मुळात १०. कारखान्याच्या गट ऑफिसात शेतकी खात्याचा एकच मेल सहा कॉम्प्युटरवर उघडलेला असतो. प्रत्येक मेल प्रोग्राम दोन-तीन कनेक्शन धरून ठेवतो, आणि बाहेरून सगळ्यांचा आयपी एकच दिसतो. मग चौघांना मेल दिसतो, दोघांना पासवर्डची खिडकी येत राहते. इथे पासवर्ड बदलून काही उपयोग नाही. लाईट जाऊन आल्यावर सगळे कॉम्प्युटर एकदम जोडू लागतात, तेव्हा हा प्रकार हटकून दिसतो.

डिस्कचा प्रश्न अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात सप्टेंबरात जास्त संभवतो. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि जिल्ह्यात कारखाने, पतसंस्था, दूध संघ यांचे जाळे पसरले. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, त्यामुळे अहवालाचे मेल एकाच काळात निघतात. ८ एमबीचा पीडीएफ मेलमध्ये जाताना बेस-६४ रूपात ११ एमबीच्या घरात जातो. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट्स; मेल तिथेच अडतो. मर्यादा वाढवली आणि ३,००० सभासदांना नावानिशी वेगवेगळा मेल सोडला, तर रांगेतच ३३ जीबी साठतात. अहवाल संस्थेच्या वेबसाइटवर ठेवून मेलमध्ये फक्त लिंक द्यावी, हे उत्तर सर्व्हर वाढवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येतो आणि डिस्क तर अर्धी रिकामी दिसते, तेव्हा आयनोड संपलेले असतात. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेल ही स्वतंत्र फाइल असते आणि प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो. ‘डीएफ’ कमांडला आयनोडचा पर्याय जोडला की हे लगेच दिसते. ‘टू मेनी ओपन फाइल्स’ हा संदेश त्याहून निराळा : तिथे एका प्रोसेसला उघडता येणाऱ्या फायलींची संख्या संपते, आणि ती सिस्टमडीच्या सेवा-फाइलमध्ये वाढवावी लागते. टर्मिनलवर ‘यूलिमिट’ बदलून आधीच चालू असलेल्या सेवेला काही फरक पडत नाही.

एवढे सगळे तपासूनही ‘अव्हेलेबल’चा आकडा रोज तळाला जात असेल, तर सेटिंगची खटपट थांबवावी. व्हायरस आणि स्पॅम दोन्ही तपासणाऱ्या, शे-दोनशे खात्यांच्या सर्व्हरला ४ जीबी अपुरी आहे. ८ जीबी घ्यावी.